अंतराळात ‘स्थलांतर’ होत नसते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील मानवाच्या अंतराळातील भवितव्यावरचा प्रदीर्घ लेख मी दोनदा वाचला. लेखकाचा उत्साह मनापासूनचा आहे, आकडेही बहुतांशी बरोबर आहेत, आणि शाळकरी मुलांनी तो जरूर वाचावा असे मला वाटले. माझा आक्षेप त्यातील एका शब्दाला आहे. पृथ्वीवर एखादे महासंकट कोसळण्यापूर्वी मानवाने मंगळावर ‘स्थलांतर’ करून ठेवावे, असे त्यात एकदा नव्हे, चार ठिकाणी म्हटले आहे. शब्द साधा वाटतो, पण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. दुष्काळामुळे, युद्धामुळे किंवा पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचे बोचके कितीही लहान असले, तरी तो जिथे पोहोचतो तिथे हवा असते, पायाखाली माती असते आणि विहीर खणली तर पाणी लागण्याची आशा असते. मंगळावर जाणाऱ्याला हवेसकट सारा संसार बांधून न्यावा लागेल आणि नेलेले सगळे आयुष्यभर दुरुस्त करत राहावे लागेल. याला स्थलांतर म्हणणे म्हणजे पाणबुडीत राहायला जाणाऱ्याने समुद्रात घर केले असे म्हणण्यासारखे आहे.

अंतराळातील धोका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कृष्णविवर, अशनींचा वर्षाव किंवा परग्रहवासी असे काहीतरी भव्य उभे राहते. प्रत्यक्षात तिथे माणसाच्या जिवावर उठणाऱ्या गोष्टी अगदी किरकोळ असतात. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे अंतराळवीर लुका पार्मितानो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर काम करत होते. बाहेर पडून पाऊण तास होत आला असताना त्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला ओलसर लागू लागले. पृथ्वीवर शिरस्त्राणात पाणी शिरले तर ते मानेवरून खाली ओघळेल. तिथे ‘खाली’ असे काही नसतेच, त्यामुळे पृष्ठताणाने पाणी कातडीला चिकटून पसरत राहते. ते कानांपर्यंत आले आणि नियंत्रण कक्षाचा आवाज अस्पष्ट झाला, मग डोळ्यांवर आले आणि शेवटी नाकावर चढले. शिरस्त्राणाच्या आत हात घालता येत नाही, त्यामुळे तोंड पुसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातच स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरले आणि अंधार झाला. सुरक्षादोरीच्या ओढीचा अंदाज घेत, चाचपडत, जवळपास आंधळ्या अवस्थेत ते प्रवेशकक्षापर्यंत पोहोचले. शिरस्त्राण काढले तेव्हा आत लिटर-दीड लिटर पाणी होते. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, जिथे पाण्याचा टिपूसही नाही अशा पोकळीत, एक माणूस बुडून मरायच्या बेतात होता.

चौकशीत जे निघाले ते मला या प्रसंगाहून अधिक बोलके वाटते. पोशाखात थंडाव्यासाठी फिरणारे पाणी हवेपासून वेगळे करणाऱ्या यंत्रणेतील बारीक छिद्रे गाळाने बुजली होती. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हते. आठवडाभर आधी, ९ जुलैला, त्याच पोशाखातून बाहेर जाऊन परतल्यावर त्यांच्या शिरस्त्राणात पाणी सापडले होते, पण पिण्याच्या पाण्याची पिशवी गळली असेल असे म्हणून तो विषय तिथेच मिटवण्यात आला होता. स्वयंपाकघरातली मोरी तुंबते तशी चार छिद्रे तुंबणे आणि ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे जाणे, एवढ्यावर जगातील सर्वांत अनुभवी यंत्रणांच्या देखरेखीखालचा माणूस मरणाच्या दारातून परत आला. १९७१ च्या जूनअखेर सोयुझ ११ या सोव्हिएत यानातील डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघे इतके सुदैवी नव्हते. परतीच्या प्रवासात, जमिनीजवळ उघडायची एक झडप सुमारे १६८ किलोमीटर उंचीवरच उघडली आणि यानातील हवा निघून गेली. यान स्वयंचलितपणे, अगदी ठरल्याप्रमाणे उतरले. दार उघडणाऱ्यांना आत तीन मृतदेह मिळाले.

हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. या दोन्ही घटना घराच्या उंबरठ्यावरच्या आहेत, एवढेच मला दाखवायचे आहे. अंतराळ स्थानकात काही बिघडले तर काही तासांत पृथ्वीवर उतरता येते, आणि पृथ्वीवरचा तज्ज्ञ तत्क्षणी बोलू शकतो. मंगळ आपल्यापासून जवळात जवळ असतो तेव्हा सुमारे ५.५ कोटी किलोमीटरवर आणि दूरात दूर असतो तेव्हा ४० कोटी किलोमीटरवर असतो. (पुरवणीत फक्त पहिला आकडा छापला आहे, तो जाहिरातीतल्या ‘पासून पुढे’ या शब्दांसारखा आहे.) एक वाक्य तिकडे पोहोचायला तीन ते बावीस मिनिटे लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. तिथून परत निघण्यासाठीही ग्रहांची स्थिती अनुकूल लागते, ती सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. शिरस्त्राणात पाणी शिरलेला माणूस ‘काय करू?’ असे विचारेल, तेव्हा त्याचा प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा निकाल लागलेला असेल.

आता वाटेचे पाहू. पृथ्वीवर आपल्याला निसर्गातून मिळणाऱ्या प्रारणाची सरासरी मात्रा वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (प्रारणाची मात्रा मोजण्याचे एकक) असते. क्युरिऑसिटी हे यान २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना त्यावरील उपकरणाने ही मात्रा मोजली; ती दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट भरली. म्हणजे आपण पाऊण वर्षात जे सोसतो, तेवढे तिथे रोजच्या रोज अंगातून आरपार जाते. जाण्यायेण्याचे मिळून एक वर्ष धरले तर साडेसहाशे मिलिसिव्हर्टचा हिशेब होतो, आणि नासाने आपल्या अंतराळवीरांसाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० ठरवली आहे. यात सूर्याची लहर धरलेली नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर मोठे वादळ झाले. त्या वर्षी एप्रिलमध्ये अपोलो १६ चे अंतराळवीर चंद्रावर उतरून परतले होते आणि डिसेंबरमध्ये अपोलो १७ निघायचे होते. वादळ या दोन मोहिमांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत आले, हा निव्वळ योगायोग होता.

गुरुत्वाकर्षणाबाबत आपले अज्ञान याहून मोठे आहे, आणि ते लोकप्रिय लेखनात कधीच येत नाही. वजनरहित अवस्थेत वजन पेलणाऱ्या हाडांचे घनत्व महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते, म्हणून स्थानकावरची माणसे रोज दोन तास व्यायाम करतात; तरीही डोळ्यांच्या मागच्या बाजूला सूज येणे, नजर बदलणे असे प्रकार होतातच. रशियाचे व्हॅलेरी पोल्याकोव्ह हे डॉक्टर १९९४-९५ मध्ये मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले आणि उतरल्यावर यानापासून जवळच ठेवलेल्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले. मंगळापर्यंत पोहोचलेला माणूस चालू शकेल हे त्यांना दाखवायचे होते. त्यांच्या जिद्दीला सलाम. पण मंगळावर खुर्ची मांडून कोणी उभे नसेल, हेही लक्षात ठेवलेले बरे. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. एवढ्या गुरुत्वाकर्षणात हाडे झिजणे थांबते की नुसते मंदावते, याचे उत्तर देण्याइतका अनुभव मानवजातीकडे नाही. पृथ्वीहून कमी, पण शून्याहून जास्त गुरुत्वाकर्षण असलेल्या भूमीवर आजवर फक्त बारा माणसे राहिली आहेत. ती १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर गेली आणि त्यांच्यातील सर्वांत लांब मुक्काम जेमतेम ७५ तासांचा होता. अंतराळात आजवर एकाही मानवी बाळाचा जन्म झालेला नाही. ज्या ठिकाणी मूल जन्माला येऊन धडपणे वाढेल की नाही हे ठाऊक नाही, त्या ठिकाणाला तळ म्हणावे, छावणी म्हणावे. ‘मानवजातीचे पुढचे घर’ म्हणू नये.

तिथल्या तिथे हवा तयार करता येईल, असे लेखक म्हणतात. खरे आहे. परसिव्हरन्स या रोव्हरवरच्या मॉक्सी नावाच्या उपकरणाने मंगळावरच्या कर्बद्विवायूपासून (कार्बन डायऑक्साइडपासून) ऑक्सिजन तयार करून दाखवला, आणि परग्रहावरच्या द्रव्यातून श्वासाचा वायू काढण्याची ती पहिलीच वेळ होती. २०२१ ते २०२३ या काळात हे उपकरण सोळा वेळा चालवले गेले आणि त्यातून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे दोन वर्षांच्या या प्रयोगातून एका माणसाचे साडेतीन तास भागले असते. प्रयोगाचा हेतू तेवढाच होता, त्यामुळे हे अपयश मुळीच नाही. मात्र ‘मंगळावर ऑक्सिजन बनवला’ आणि ‘मंगळावर श्वास घेता येईल’ या दोन वाक्यांमधले अंतर किती आहे, ते या आकड्यावरून मोजता येते.

आणि हवा बनवणे सोपे म्हणावे इतके ती टिकवणे अवघड आहे. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. एका वर्षी वर्गात काचेच्या मोठ्या बरणीत तळ्यातले पाणी, हायड्रिलाच्या फांद्या आणि दोन गोगलगायी ठेवून आम्ही झाकण मेणाने बंद केले आणि बरणी खिडकीत ठेवली. वनस्पती ऑक्सिजन देतील, गोगलगायी कर्बद्विवायू देतील, चक्र चालू राहील, असे मी फळ्यावर बाण काढून समजावले होते. पहिला आठवडा पानांवर बुडबुडे दिसत होते. मग आभाळ भरून आले, काचेवर हिरवा थर चढला, आणि एके सकाळी दोन्ही गोगलगायी सरकत सरकत पाण्याच्या वर, झाकणाला टेकून बसलेल्या दिसल्या. मुले म्हणाली, उघडा. मी म्हणालो, प्रयोग आहे. दोन दिवसांनी उघडले तेव्हा आलेला वास तासभर वर्गातून गेला नाही. फळ्यावरचा एकही बाण चुकीचा नव्हता. बरणी लहान होती, एवढेच.

मोठी बरणी करून पाहण्याचा प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर २’ नावाचे सुमारे तीन एकरांचे काचेचे हवाबंद आवार उभारले गेले. आत छोटे वर्षावन, छोटा समुद्र, शेती, सगळे होते. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे दोन वर्षांसाठी आत गेली. सोळा महिन्यांत आतल्या हवेतील ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास आला, माणसांना धाप लागू लागली, झोप लागेना, आणि शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. हिशेबात कुठे चूक झाली होती? शेतीसाठी घातलेल्या सकस मातीतले जिवाणू अपेक्षेहून जास्त ऑक्सिजन वापरत होते, आणि त्यातून निघणारा कर्बद्विवायू झाडांपर्यंत पोहोचण्याऐवजी इमारतीचे काँक्रीट शोषून घेत होते. भिंती हवा खात होत्या. परागीभवन करणारे कीटक नाहीसे झाले. मुंग्या आणि झुरळे मात्र सुखाने नांदली. हे पृथ्वीवर घडले, जिथे काचेपलीकडे हातभर अंतरावर फुकटची हवा वाहत होती.

आता लेखाच्या मुख्य युक्तिवादाकडे येतो. पृथ्वीवर लघुग्रह आदळू शकतो, म्हणून मानवजातीचा ‘विमा’ उतरवण्यासाठी दुसरा ग्रह हवा, असा तो आहे. स्टीफन हॉकिंग यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही मानवाने अन्य जगांवर वस्ती करावी असे वारंवार सांगितले होते, हे मी जाणून आहे. तरीही मला हा युक्तिवाद पटत नाही. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आजच्या मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पावर आदळला. तिथे १८० किलोमीटर रुंदीचे विवर पडले, काजळी आणि गंधकाच्या धुरकटाने सूर्य झाकोळला आणि त्या काळातल्या सुमारे तीन चतुर्थांश सजीव जाती नष्ट झाल्या. पृथ्वीच्या इतिहासातल्या अत्यंत वाईट वर्षांपैकी ते एक. पण त्या वर्षीही इथे श्वास घेण्याजोगी हवा होती, वाहते पाणी होते, आणि उंदराएवढे सस्तन प्राणी, पक्षी, कासवे, मगरी कोणत्याही अवकाश पोशाखाशिवाय त्यातून तगून निघाल्या. मंगळावरच्या उत्तमातल्या उत्तम दिवशी वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी असतो, त्या वातावरणात ९५ टक्के कर्बद्विवायू असतो, सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या घरात असते आणि मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार असतात. जळालेल्या घराचा विमा म्हणून ज्याला कधी छप्परच नव्हते असे घर घेण्याचा हा सल्ला आहे.

सूर्य पृथ्वीला गिळणार आहे, हा दुसरा मुद्दा. त्याला किमान ५०० कोटी वर्षे आहेत. सूर्य हळूहळू प्रखर होत असल्याने समुद्र त्याच्या बऱ्याच आधी, शंभरएक कोटी वर्षांत आटतील हे खरे; पण आजची आधुनिक मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची आहे. या प्रश्नाची घाई नाही.

लघुग्रहाची मात्र आहे, आणि गंमत अशी की भूकंप, ज्वालामुखी, चक्रीवादळ यांच्या यादीत हे एकच नैसर्गिक संकट असे आहे की जे वर्षानुवर्षे आधी कळू शकते आणि टाळताही येऊ शकते. १५ फेब्रुवारी २०१३ ची सकाळ आठवा. त्या दिवशी जगभरातील खगोलशास्त्रज्ञ एका छोट्या लघुग्रहाकडे डोळे लावून बसले होते, कारण तो भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या) उपग्रहांच्याही आतून, सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता. त्याच्याशी काहीही संबंध नसलेला, सुमारे २० मीटरचा दुसराच दगड सूर्याच्या दिशेने आला, त्यामुळे कोणालाही दिसला नाही, आणि रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. आधी सूर्याहून प्रखर उजेड पडला. काय झाले ते पाहायला लोक खिडक्यांपाशी गेले. प्रकाश क्षणात येतो, धक्क्याची लाट आवाजाच्या वेगाने येते. ती दोनएक मिनिटांनी आली तेव्हा लोक काचांना नाक लावून उभे होते. सुमारे दीड हजार जखमींपैकी बहुतेकांना काचा लागल्या होत्या. एका शाळेतल्या शिक्षिकेने मात्र उजेड पाहताच आपल्या ४४ विद्यार्थ्यांना बाकांखाली शिरायला लावले. मुले सुखरूप राहिली. शिक्षिकेला स्वतःला काचा लागल्या. वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा का येतो, हा धडा मी तीस वर्षे शिकवला, पण तो इतका उपयोगी पडेल असे मला कधी वाटले नव्हते.

या संकटाविरुद्ध काय करता येते, तेही आता प्रत्यक्ष करून पाहिलेले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट हे यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. डिमॉर्फस त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारत असे. त्यात ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची असे ठरले होते. प्रत्यक्षात अर्ध्या तासाहून अधिक फरक पडला. माणसाने एका खगोलाची वाट जाणूनबुजून बदलल्याची ही पहिली नोंद. माझ्या मते ही गेल्या काही दशकांतील अंतराळातली सर्वांत महत्त्वाची घटना आहे, आणि पुरवणीतल्या लेखात तिला अर्धे वाक्य मिळाले आहे. धक्का द्यायचा तर दगड आधी सापडायला हवा. एक किलोमीटरहून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे बहुतेक लघुग्रह सापडले आहेत. पण १४० मीटरहून मोठे, म्हणजे एखादा प्रांत उद्ध्वस्त करू शकतील असे, सुमारे पंचवीस हजार असावेत असा अंदाज आहे, आणि त्यातले निम्म्याहून कमी आपल्या नोंदीत आहेत. सूर्याच्या झगमगाटात लपून येणाऱ्या दगडांना त्यांच्या उष्णतेवरून हेरणारी अवकाश दुर्बीण नासा तयार करत आहे. मंगळावरच्या नगराची चित्रे छापून जेवढा जनाधार मिळतो, त्याचा दहावा हिस्सा या दुर्बिणीला मिळाला असता तर ती कधीच कामाला लागली असती.

सौर वादळे आणि अवकाशातील कचरा या दोन धोक्यांचा पुरवणीने उल्लेखही केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. १३ मार्च १९८९ रोजी सूर्यामुळे उठलेल्या भूचुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवली होती. १८५९ मध्ये त्याहून फार मोठे वादळ आले, पण तेव्हा बिघडण्याजोग्या वस्तू म्हणजे तारायंत्रेच होती. कचऱ्याबद्दल बोलायचे तर १० फेब्रुवारी २००९ रोजी रशियाचा एक निकामी उपग्रह आणि अमेरिकेचा एक चालू उपग्रह सायबेरियाच्या वर एकमेकांवर आदळले व त्यांचे सुमारे दोन हजार मोठे तुकडे झाले. १९८३ मध्ये चॅलेंजर यानाच्या खिडकीच्या काचेला रंगाच्या एका कपच्याने खड्डा पाडला होता. पृथ्वीबाहेरचा आपला रस्ता या पहिल्या काहीशे किलोमीटरमधून जातो, आणि तो आपणच खिळे पसरून ठेवल्यासारखा करत आहोत.

मग माणसाने पृथ्वीबाहेर जाऊच नये का? माझे म्हणणे तसे मुळीच नाही. विश्वातील वस्तुमान-ऊर्जेपैकी जेमतेम पाच टक्के भाग आपल्या ओळखीच्या द्रव्याचा आहे. उरलेल्याला कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा अशी नावे देऊन आपण आपल्या अज्ञानाचे नुसते बारसे केले आहे. गुरूच्या युरोपा या उपग्रहावर बर्फाच्या कवचाखाली समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत आणि त्याच्या पाहणीसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले यान २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचायचे आहे. यातले बहुतेक काम यंत्रे करतील, आणि करावे. तरीही माणूस तिथे असण्याने काय होते याचे एक उदाहरण मला फार आवडते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक चंद्रावर गेले. एका विवराच्या काठावर चालताना त्यांच्या बुटांनी वरची करडी धूळ उकरली गेली आणि खालून नारिंगी माती दिसली. ते तिथेच थांबले, चर खणला आणि नमुने घेतले. ती साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या ज्वालामुखीच्या फवाऱ्यातून गोठलेली काचेची मण्यांसारखी धूळ होती. पुढे २००८ मध्ये अपोलो मोहिमांनी आणलेल्या अशाच मण्यांमध्ये पाण्याचा अंश सापडला आणि चंद्र आतून पूर्ण कोरडा आहे ही समजूत बदलावी लागली. ‘अरे, हे काय?’ म्हणून थबकणारा माणूस तिथे होता, म्हणून हे झाले. त्या माणसाला चंद्रधुळीने ॲलर्जीसारखी सर्दीही झाली होती, पण तो परत आला.

परत येणे या गोष्टीला मी एवढे महत्त्व का देतो, त्याचे आणखी एक कारण आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रासह कोणत्याही खगोलावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्व सांगता येत नाही. पण जिथे ऑक्सिजनचे यंत्र एखाद्या संस्थेच्या किंवा कंपनीच्या मालकीचे आहे, तिथे राहणाऱ्या माणसाने वेतनवाढ मागायची कशी, संप करायचा कसा, ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणून दार उघडून बाहेर पडायचे कसे? पृथ्वीवर कोणत्याही जुलमी सत्तेला आजवर हवेची तोटी बंद करता आलेली नाही. कायमच्या वसाहतीची स्वप्ने दाखवणाऱ्यांनी रॉकेटच्या आराखड्याबरोबर या तोटीच्या चावीचा आराखडाही मांडला पाहिजे. तोवर जाणाऱ्याच्या हाती परतीचे तिकीट असावे.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की, यापुढे अशा लेखांत ‘स्थलांतर’ ऐवजी ‘मोहीम’ किंवा ‘तळ’ हे शब्द वापरावेत. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेला २०२४ वायआर४ हा लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, तेव्हा त्या बातमीचे मोठाले मथळे जगभर झळकले. पुढच्या काही दिवसांत आणखी निरीक्षणे आली आणि शक्यता जवळजवळ शून्यावर आली, ती बातमी कोपऱ्यात गेली. माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना अजूनही २०३२ मध्ये काहीतरी होणार आहे असे वाटते. निरीक्षणे वाढत जातात तशी शक्यता आधी चढते आणि मग एकदम कोसळते, हे या गणिताचे नेहमीचेच वळण आहे. ते समजावून सांगणारी एक छोटी चौकट महिन्यातून एकदा, पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांच्या अंतरांसह, आपण छापावी.

ही सवय लागायला अजून वेळ आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी, आणि योगायोगाने तो शुक्रवार आहे, सुमारे ३४० मीटरचा अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही आतून जाईल. तो आदळणार नाही, हे पक्के झाले आहे. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या काही भागांतून तो नुसत्या डोळ्यांनी, एखाद्या संथ सरकणाऱ्या ताऱ्यासारखा दिसेल. त्या आठवड्यात काय काय अफवा उठतील याची कल्पना करवत नाही. आपल्या त्या चौकटीचा पहिला अंक त्याच्या बराच आधी निघावा.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक